चारुशीलेची चिकटवही

१

सकाळची जेवणं आटोपून हे साडेदहाला कोर्टात गेले, की संध्याकाळपर्यंत घर माझं एकटीचं असे. मग मी खळ करायला घेई. मैदा गार पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, मंद निखाऱ्यांवर ढवळत राहायचं आणि खाली उतरवल्यावर त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचा. त्याने खळीला किंचित निळी झाक येते आणि कागदाला कसर लागत नाही. हे मला चारुशीलेच्या वहीने शिकवलं. चारुशीला म्हणजे यांची पहिली बायको. माझ्या लग्नाच्या तीन वर्षं आधी ती विषमज्वराने गेली होती.

मी अमरावतीची, मोरोपंत मास्तरांची अनुपमा. आई लहानपणीच गेली, आत्याने वाढवलं. एकोणिसाव्या वर्षी अकोल्याच्या वामनराव वकिलांशी लग्न झालं. यांचं वय पस्तीस, मूलबाळ नव्हतं, घरात वडीलधारं कोणी नव्हतं. स्वभावाने अबोल, पण सरळ. लग्नानंतर महिन्याभरातच यांनी माडीवरच्या खोलीतलं भिंतीतलं कपाट उघडून ती वही माझ्या हातात दिली. म्हणाले, लपवून ठेवलं असं तुला वाटायला नको. बघावंसं वाटलं तर बघ, नाही तर राहू दे.

मी बघितली. तशी चिकटवही मी आधी कधी पाहिली नव्हती. जाड बदामी पानं, कातरीने नक्षी काढलेल्या कडा, दर दोन पानांमध्ये पतंगाचा पातळ कागद. मंगलाष्टकांचा छापील कागद, लुगड्याच्या काठाचा तुकडा, सुकलेली शेवंती, काळ्या कागदातून कातरलेली यांची आकृती, बाजूने पाहिलेली, नाकासकट हुबेहूब. प्रत्येक वस्तूखाली एकदोन ओळी. तिची लिहायची एक तऱ्हा होती. आधी पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढायची, मग तिला अक्षरं टांगायची. मजकूर संपला तरी रेघ पुढे रिकामी जात राही.

मला मत्सर वाटला नाही. खरं सांगायचं तर मला ती आवडली. ओळख असती तर दोघी मिळून दुपारभर कातरकाम करत बसलो असतो असं वाटलं. तिचं पाहून मीही आपली एक वही शिवली, आणि चिकटवायच्या वस्तू बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात साठवू लागले.

आता लिहिते आहे ते सुट्या कागदांवर. कशालाही खळ लावलेली नाही.

२

पौषात आम्ही पातूरची लेणी पाहायला गेलो. मोटारीत आमच्या घरी रोज फुलं आणि भाजी घालणारी माणिकबाई होती. तिचा भाऊ पातूरला मळा करायचा, त्याच्याकडे ती चालली होती. तिने मला खिडकीशी जागा करून दिली.

लेण्यांकडे चढताना माझ्या टाचेत बाभळीचा काटा गेला, चपलेच्या तळातून आरपार. हे खाली बसले, माझा पाय मांडीवर घेतला आणि कोटाच्या टाचणीने काटा काढू लागले. मी रडले. पाच मिनिटं चांगली रडले, काट्यासाठी कमी आणि यांनी चारचौघांत पाय मांडीवर घेतला म्हणून जास्त. यांना ते कळलं असावं, कारण यांनी वर पाहिलं नाही. काटा निघाल्यावर मी तो कागदाच्या पुडीत बांधून आणला. लग्न होऊन सात महिने झाले होते, आणि हा माणूस आपला आहे असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

पुडी डब्यात ठेवली. माझ्या वहीचं पहिलं पान तेच करायचं ठरवलं होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी मी खाली खळ ढवळत होते. वर कातरीचा आवाज आला. कागद कापताना कातर सावकाश मिटत जाते तसा, लांबलेला, आणि मग थांबलेला. उंदीर असावेत म्हणून मी वर जाऊन कागदांचा गठ्ठा हलवून पाहिला. काही नव्हतं. डबा उघडला तर पुडी नव्हती.

घर धुंडाळलं. शेवटी का कोण जाणे, चारुशीलेची वही उघडली. तिची शेवटची सातआठ पानं कोरी होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांतलं पहिलं आता कोरं नव्हतं. पानाच्या मधोमध कागदाची चिमुकली खिडकी कातरलेली, आणि खिडकी उघडली की आत तो काटा. खाली या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ, आणि रेघेला टांगलेली अक्षरं:

‘पातूर. काटा यांनी काढला. मी रडले नाही.’

३

पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की हे यांचं काम. दुःखाने माणूस काय काय करतं. कोर्टातून आल्यावर चहा झाला, तेव्हा मी शक्य तितक्या हलक्या आवाजात विचारलं, की पातूरचा काटा तुम्ही तिकडं कशाला चिकटवला?

हे वही पाहून हसले. किती दिवसांनी पाहिलं हे पान, म्हणाले. चारूच्या टाचेत केवढा मोठा काटा गेला होता, पण तिने हूं की चूं केलं नाही, वगैरे. यांच्या चेहऱ्यावर खोटेपणाची छटासुद्धा नव्हती.

“आणि मी?” मी विचारलं. “गेल्या आठवड्यात आपण गेलो, ते?”

“आपण दोघं? पातूरला? नाही गं. जाऊ एकदा.”

मी टाच दाखवली. तिथे काळसर खूण होती. यांनी वाकून पाहिली आणि हळद लाव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माणिकबाई फुलं घेऊन आली. तिला मी ओसरीवर बसवलं आणि त्या मोटारीची आठवण काढली. तिला सगळं आठवत होतं. मोटार मध्ये बंद पडली होती ते, कुणाची कोंबडी सुटली ते.

“आन् वकीलसायेबानं काटा काढला, तेबी पाह्यलं नं मी.”

“कुणाच्या पायातला, माणिकबाई?”

“त्याइच्या. तुमच्या आंधीच्या बाई होत्या नं, त्याइच्या. लय धीराची बाई.” तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. “काहून वो बाई? तोंड काहून उतरलं तुमचं? तुमी त् तवा इथं आल्या बी नव्हत्या.”

मी फुलं घेतली आणि आत आले. बराच वेळ माजघरात उभी राहून एकेक गोष्ट जुळवू लागले. दोन माणसं एकसारखी चुकू शकतात. तीही चूक माझ्याबाबतीतच व्हावी, हा योगायोग होऊ शकतो. किंवा मीच ते पान चिकटवलं असेल, आणि विसरले असेन. वळण तिचं होतं हे खरं, पण मी महिनोन् महिने तिचीच अक्षरं पाहत होते. या शेवटच्या उत्तराने मला त्या दिवशी बरं वाटलं. आजही तेच खरं निघालं असतं तर फार बरं झालं असतं.

पुढल्या दोन महिन्यांत आणखी तीन पानं भरली. रंगपंचमीला यांनी रंग उडवलेल्या माझ्या पदराचा तुकडा. माझ्या केसांतला सोनचाफा. मूर्तिजापूरला एका लग्नात कुणी काढून दिलेला आमचा दोघांचा फोटो, ज्यात माझा चेहरा मान वळवल्यामुळे पुसट आला होता. ‘मी हलले,’ असं खाली लिहिलं होतं. त्या प्रत्येक दिवसाची आठवण मी यांच्याकडे काढून पाहिली. हे दिवस यांना चांगले आठवत होते. फक्त त्यात मी नव्हते.

माझी स्वतःची वही मी नेटाने भरत होते. पण सकाळी चिकटवलेली वस्तू संध्याकाळी जमिनीवर पडलेली असे, आणि पानावर खळीचा डागही नसे.

४

चैत्रात मी पातूरचं पान फाडलं. दुपारची वेळ होती, न्हाणीघरातल्या बंबात विस्तव होता. पान काट्यासकट आत टाकलं. मोरचुदामुळे ज्वाळेला क्षणभर हिरवा रंग आला. मला वाटलं, आता निदान ते कुणाचंच राहणार नाही, आणि मग माझं मला परत मिळेल.

संध्याकाळी मी यांना पातूरच्या लेण्यांबद्दल विचारलं. हे म्हणाले, ऐकून आहे, कधी गेलो नाही. चारूबरोबर? मी विचारलं. नाही, तिच्याबरोबरही नाही.

मी खोलीत जाऊन टाच पाहिली. खूण नव्हती. मग डोळे मिटून तो दिवस आठवू लागले, आणि तिथे काहीच नव्हतं. वर काट्याची हकिकत लिहिली आहे, ती मला कुणी सांगितल्यासारखी ठाऊक आहे, कारण पान फाडण्याआधी मी ती एका कागदावर टिपून ठेवली होती. ‘पाय मांडीवर घेतला’ असं मी लिहिलेलं आहे. ते वाचते. कसं वाटलं होतं ते मला आठवत नाही.

वहीत चिकटलेलं तिचं होतं. वहीतून फाडलेलं कुणाचंच राहत नव्हतं. वही जाळायचा विचार मी त्या दिवशी सोडला.

तोपर्यंत मला तिसरा महिना लागला होता.

५

बाळंतपणाला मी अमरावतीला गेले. सातवा लागल्यावर गेले ते बाळ पाच महिन्यांचं होईपर्यंत राहिले. तिथे सगळं नेहमीसारखं होतं. बाबा सकाळी अंबादेवीला जाऊन येत आणि माझ्या उशाशी बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचत. आत्या शेक-शेगडी करी. मुलगा झाला. नाव ठेवलं ते वेगळंच, हाक मारायला बंडू. कुरळं जावळ, उजव्या कानामागे भोवरा. त्याला दूध पाजताना मला अकोल्याच्या गोष्टी आजारपणातल्या भासासारख्या वाटत. पोटुशीपणात बायकांना काहीबाही होतं असं आत्या म्हणाली, आणि मी मान डोलावली.

जावळ काढलं तेव्हा एक बट मी ठेवून घेतली. कागदात दुमडली, तो कागद चोळीच्या अस्तरात घातला आणि चारही बाजूंनी बारीक टाके घातले. कशासाठी, ते आत्याला सांगितलं नाही. स्वतःशीही नीट बोलले नाही.

अकोल्याला परतल्यावर ती चोळी मी अंगावेगळी करत नसे. न्हाताना काढली तर डोळ्यांसमोर खुंटीला. सोळाव्या दिवशी हात लावून पाहिला तर कागद जरा चपटा लागला. टाके माझेच होते, एकही उसवलेला नव्हता. मी ते उसवले. कागद रिकामा होता.

वर जायला मला बराच वेळ लागला. बट सोनेरी बेगडाच्या कड्यात बसवलेली होती. इतकं सुबक काम तिने आधीच्या कुठल्याच पानावर केलं नव्हतं.

‘माझा बंडू. केस माझ्यावर गेले.’

त्यापुढे रेघ पानाच्या कडेपर्यंत रिकामी गेली होती.

६

त्या संध्याकाळी बंडूने माझं दूध घेतलं नाही. अंगाशी धरलं की ताठ होई आणि माझ्या खांद्यावरून मागे पाही. पाळण्यात ठेवलं की शांत. हे कोर्टातून आले, त्याला उचलून घेतलं, आणि मग माझ्याकडे वळून फार मायेने म्हणाले, की तू ह्याचं इतकं करतेस, चारूला समाधान वाटत असेल.

मी म्हटलं, बंडू साडेपाच महिन्यांचा आहे. तिला जाऊन पाच वर्षं होत आली. मी बोटांवर मोजून दाखवलं. यांनी माझं मोजणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुझी झोप होत नाही.”

उन्हाळा लागला होता. दुपारी आम्ही सगळी दारं लावून घेत असू. वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडलं की माजघरात ओला, गार अंधार होई आणि फटीतून येणारं ऊन जमिनीवर दोऱ्यासारखं पडे. अशा एका दुपारी बंडूला पाळण्यात निजवून मी विहिरीवर गेले. परत येते तो आत कातरीचा आवाज. वर माडीवर नाही. माजघरात.

दाराच्या फटीला मी डोळा लावला.

जमिनीवर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. लुगडं माझं होतं, सकाळी मी वाळत घातलेलं, अजून ओलं, पाठीला चिकटलेलं. समोर वही उघडी. डाव्या हाताचा अंगठा कागदावरून सावकाश फिरत होता, खळीतली हवा बाहेर काढताना फिरवतात तसा, आतून कडेकडे. मांडीवर बंडू होता. तो वर तिच्या तोंडाकडे पाहत होता आणि हसत होता. इतकं हसताना मी त्याला अमरावतीलाही पाहिलं नव्हतं.

तिची मान वळू लागली. मी डोळा काढून घेतला. मी धीराची नाही, हे मी इथे लिहून ठेवते.

दार उघडलं तेव्हा बंडू पाळण्यात होता. पाळणा हलत होता. त्याच्या मुठीत निळसर खळ होती, आणि ती अजून ओली होती.

७

मग मी एकदा ते करून पाहिलं. लपवून उपयोग नाही, म्हणून लिहिते.

मला वाटलं, कुणाचाच नसलेला मुलगा तरी माझ्याजवळ राहील. मी नव्याने त्याची ओळख करून घेईन, पहिल्यापासून. हे मला त्या दिवशी अगदी पटलं होतं. वही घेऊन मी माजघरात बसले. बंडू पाळण्यात रडत होता, भुकेने, तासभर. मी त्याच्या पानाची वरची कड धरली आणि फाडायला लागले.

बोटभर फाटलं असेल, आणि रडणं थांबलं.

हळूहळू नाही. मधेच, तोंड उघडं असताना. मी पाळण्याकडे पाहिलं. त्याचा हात वर उचललेला होता आणि तसाच राहिला होता. छाती हलत नव्हती. डोळे माझ्याकडे होते, पण त्यांत मी नव्हते, काहीच नव्हतं. पाळण्यात गोधडीचा खळगा मला त्याच्या अंगातून दिसत होता की काय, ते मी सांगू शकत नाही. मी तिकडे परत पाहिलं नाही.

खळीचं भांडं शेजारीच होतं. मी बोट बुडवलं आणि फाटलेल्या कडेला लावलं. कड जुळेना. पुन्हा लावलं. अंगठ्याने दाबत राहिले, आतून कडेकडे, आतून कडेकडे. मग रडणं सुरू झालं, जिथे तुटलं होतं तिथूनच.

बंडूला घ्यायला मी उठले नाही. जोडलेली जागा सुकेपर्यंत ती दाबून धरायला हवी होती.

८

मी बाबांना पत्र लिहिलं. कारण दिलं नाही. एवढंच लिहिलं की मला आणि बंडूला घेऊन जा, लगेच या. चौथ्या दिवशी त्यांचं कार्ड आलं. चि. अनुपमास अनेक आशीर्वाद, गुरुवारी सकाळच्या गाडीने निघतो, बडनेऱ्याला गाडी बदलून दुपारी पोचतो, काळजी करू नकोस. मी ते तीन वेळा वाचलं आणि हातातच धरून ठेवलं. भात उतरवायला म्हणून क्षणभर खाली ठेवलं असेल.

कार्ड कुठे असेल ते मला ठाऊक होतं. वर जाऊन पाहिलं. मजकुराची बाजू पानाला चिकटवून टाकली होती. वर फक्त पोस्टाचा शिक्का दिसत होता, आणि पत्त्यावर काळ्या कागदाचं एक फूल.

‘बाबा मला भेटायला येणार.’

त्यानंतर दोन कोरी पानं उरली होती.

गुरुवारी दुपारी हे कोर्टात होते. टांगा दाराशी थांबला. बंडूला कडेवर घेऊन मी ओसरीवर गेले. बाबा उतरले, छत्री मिटली, उपरण्याने मान पुसली. थकलेले दिसत होते, पण बाबाच होते. त्यांनी बंडूकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

“अगदी तिचे केस,” ते म्हणाले.

मी वाकून नमस्कार केला. ते संकोचून पाऊलभर मागे सरले, परक्या घरच्या सुनेने वाकावं तेव्हा सरतात तसे.

“असू द्या, असू द्या. तुम्ही उभ्याच का? बसा ना.”

माझ्या बाबांनी मला जन्मात कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

मी त्यांना पाणी दिलं. गुळाचा खडा दिला. ते बाजेवर टेकले आणि थांबत थांबत बोलू लागले. आमच्या चारूचं लेकरू तुम्ही पोटच्यासारखं सांभाळता, असं वामनरावांनी कळवलं. बरेच दिवस यायचं मनात होतं, पण मुलीशिवायच्या घरात पाय टाकवेना. तुमचे फार उपकार आहेत. असं सगळं. मी ऐकत होते. त्यांच्या कोटाचं वरून दुसरं बटन मी अमरावतीला असताना लावून दिलेलं होतं, जरा वेगळ्या दोऱ्याने. ते तिथे होतं.

“माहेर कुठलं तुमचं?” त्यांनी विचारलं.

“अमरावती.”

“हो का? आमच्याच गावच्या. कुणाच्या तुम्ही?”

“मोरोपंत मास्तरांची,” मी म्हटलं. “मी अनुपमा.”

त्यांनी खरोखर आठवून पाहिलं. कपाळाला आठी घालून, स्वतःचंच नाव परक्याचं असल्यासारखं मनात फिरवून, प्रामाणिकपणे पाहिलं, आणि मला वाईट वाटू नये अशा बेताने मान हलवली.

“असतील,” ते म्हणाले. “मोठं झालंय आता गाव.”

आणि बंडूला घेण्यासाठी त्यांनी हात पुढे केले. बंडू माझ्या कडेवरून त्यांच्याकडे झेपावला. मी त्याला धरून ठेवलं नाही.